पतियाळाचा कागद की हातातली छडी?

तापीकाठ : काल आपल्या खेळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं : ‘मार खाल्ल्याशिवाय खेळाडू घडत नाही. पतियाळाचे कागद भिंतीला लावा.’ कागद म्हणजे तिथल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचं कोचिंगचं सर्टिफिकेट. शंभर अंगठे! मी त्या छडीखाली खो-खो खेळलोय. मे महिना, जळगावचं ऊन, आणि सरांचा हुकूम, प्रॅक्टिस संपेपर्यंत पाणी नाही, पोटात कळ येते म्हणे. एक पोरगी पोलजवळच कोसळली. सर म्हणाले, नाटक.

माजी_पीटी : ती पोस्ट माझीच. चाळीस अंशांत मीही उभा राहिलोय, सावलीत नाही. माझ्या हाताखालची पोरं आज पोलिसात आहेत, घरी पेढे घेऊन येतात. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करायला रजा कोण देतं? तुम्ही?

खो_वाली : सर, मी तो कोर्स केलाय, पगार कापून. तिथून आणलेली एकच गोष्ट सांगते. आमची चेझर, म्हणजे पाठलाग करणारी, एक दिशा पकडायची आणि मध्येच वळायची, की लगेच फाऊल. आधी मी ओरडायचे. मग एकदा तिला नुसतं विचारलं, का वळतेस? म्हणाली, ‘मॅडम, पळणारी खांद्याने हूल देते, मी खांदाच बघते.’ कंबर बघ म्हटलं. दोन आठवड्यांत फाऊल निम्मे झाले. छडीने हे कळलं असतं?

शिरपूरकर_भो : काय बोलस भो, कोर्स अन् छडी! आधी मॅटचं बोला, मोठ्या स्पर्धा आता मातीवर नाही, मॅटवर होतात. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष-महिला दोन्ही आपण जिंकलो, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, सगळं मॅटवर. आमची पोरं भेगाळलेल्या काळ्या मातीत अनवाणी. राज्य स्पर्धेत पहिल्यांदा बूट घालतात अन् पहिल्याच डाइव्हला घसरतात. दोष कोच्याचा?

माजी_पीटी : हे मात्र बरोबर बोललास. मॅट मागितली तर ‘पुढच्या वर्षी’. मातीला पाणी मारायचा टँकर मी खिशातून आणलाय.

तापीकाठ : म्हणजे मातीला पाणी, पोरींना नाही!

माजी_पीटी : जीभ सांभाळ.

शिरपूरकर_भो : मॅट आली तरी ठेवणार कुठे? आमच्या शाळेत आलेली गुंडाळी गॅदरिंगला अंथरली, वर शेवभाजीच्या पंगती उठल्या. अजून तेलाचा डाग आहे. त्यावर डाइव्ह मारून दाखवा.

खो_वाली : डाग राहू द्या, आमच्याकडे पाठवा. धुऊन घेऊ.

शिरपूरकर_भो : ताई, ट्रॅक्टर पाठवा मग. भाडं तुमचं.

माजी_पीटी : ऐका. पाण्याचं मान्य. आता मीही दर वीस मिनिटांनी सोडतो, नातीने डोकं खाल्लं म्हणून. कंबरेचंही करून बघेन. पण छडी कपाटातच आहे, टाकली नाही. आणि तो कोर्स मराठीत होणार असेल तेव्हा कळवा, माझी हिंदी ऐकून परीक्षक पळतील.