मदत हवी आहे: सुट्टीतली सरबतं आणि मुलांचे दात

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मे महिन्यात नणंदेची मुलं येतात आणि दिवसभर काही ना काही पिणं सुरू असतं. लिंबू-आलं घातलेला उसाचा रस, कोकम, पन्हं, बाटलीतला कोला. यंदा माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला गार पाणीही झोंबायला लागलंय. दंतवैद्य म्हणाले, कीड नाही, पण दातावरचं कवच झिजतंय.

तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण 5.5 च्या खाली गेला की हे कवच विरघळू लागतं. कोल्याचा पीएच 2.5 च्या आसपास, आणि लिंबाचा रसही त्याच पंगतीतला. लाळ हळूहळू सावरून घेते, पण घोट घोट करत तासभर पीत राहिलं तर तिला वेळच मिळत नाही. साखरेवर जंतू पोसतात ते वेगळंच. आंबट प्यायल्यावर लगेच ब्रश नको, निदान अर्धा तास थांबा, असंही दंतवैद्यांनी बजावलं.

आजोबा नातवंडांना रोज रसवंतीवर नेतात, आणि त्यांचा तो आनंद मला मोडायचा नाही. मग रस जेवणाबरोबरच द्यायचा आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरायला लावायची, एवढं पुरतं का? कोजागरीला मसाला दूध पिऊन मुलं तशीच झोपतात, तेव्हा तुम्ही काय करता? फ्लोराइड वार्निश (दातांना जपण्यासाठी दंतवैद्य लावतात तो लेप) कुणी मुलांना करून घेतलंय का? सांगली-मिरजेत लहान मुलांचे दात धीराने बघणारे डॉक्टर माहीत असतील तर जरूर सांगा.