सेंट पॅट्रिक डे म्हणजे नुसती दारू? एका पोस्टला उत्तर

लिफीकाठ
काल इथे एक पोस्ट आली. मथळा 'आयरिश लोकांचा दारूसण'. १७ मार्चला, म्हणजे आयर्लंडच्या संत पॅट्रिकच्या दिवशी, हिरव्या टोप्या घालायच्या, सकाळपासून ढोसायची आणि त्याला संताचा सण म्हणायचं, एवढाच मजकूर. सोबत डब्लिनच्या टेम्पल बार या पबवाल्या गल्लीतले फोटो. वाचून डोकंच फिरलं. अहो, त्या दिवशी त्या गल्लीत आयरिश माणूस शोधावा लागतो! गर्दी असते ती विमानाने आलेल्या पाहुण्यांची.

आम्ही डब्लिनबाहेर एका लहान गावात राहतो. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना असते. म्हातारी मंडळी कोटाला खऱ्या शॅमरॉकची, म्हणजे तीन पानांच्या त्या हिरव्या रोपाची, जुडी टाचून येतात, कधी कधी मुळाला मातीही तशीच. मग परेड : ट्रॅक्टर, अग्निशमन दलाचा बंब, शाळेचा बँड, हर्लिंग या आयरिश मैदानी खेळाच्या काठ्या खांद्यावर टाकलेली क्लबची पोरं. पावसात भिजत सगळं गाव दुतर्फा उभं, कारण प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी त्या परेडमध्ये असतं. महिन्याच्या १ तारखेपासून शाळाशाळांत आयरिश भाषेचे कार्यक्रम चालतात, ते १७ लाच संपतात. यातलं काहीच दिसलं नाही का?

धोपटमार्ग
पोस्ट माझी आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो. परेडचं कौतुक मला सांगू नका, ती मुळात तुमची नाहीच. न्यूयॉर्कमध्ये १७६२ पासून निघते. डब्लिनची सरकारी परेड १९३१ ची. आणि आजचा तो चार-पाच दिवसांचा फेस्टिव्हल सरकारने १९९५ साली ठरवून पुढच्या वर्षी सुरू केला, जगाने आयर्लंडला यावं म्हणून. पाहुण्यांना आवतण तुम्हीच द्यायचं आणि पाहुणे पितात म्हणून हातही तुम्हीच झटकायचे?

बॉस्टनची माई
'तुमची नाहीच' म्हणजे काय? देश सोडून आलेली माणसं परकी झाली का? आयरिश म्हणून इथे हिणवलं जायचं तेव्हा ती उजळ माथ्याने रस्त्यावर उतरली, ती परेड. मायदेशाने नंतर उचलली तर बिघडलं कुठे?

गॉलवेकर
दारूसण म्हणणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसावी. १९२७ च्या कायद्याने सेंट पॅट्रिक डेला पब बंद ठेवावे लागत, ते थेट १९६१ पर्यंत. आज ज्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे, त्यांच्या लहानपणी हा कोरडा दिवस होता.

धोपटमार्ग
आणि त्याच दिवशी डब्लिनच्या डॉग शोमध्ये दारू मिळायची, तेही सांगा की! आमच्या घरमालकीणबाईंच्या वडिलांना कुत्र्यांचं काडीचं प्रेम नव्हतं, पण तो शो त्यांनी कधी चुकवला नाही. बंदीतूनही वाट काढणारे लोक आहेत, असंच तर मी म्हणतोय.

गॉलवेकर
एका म्हाताऱ्यावरून अख्खा देश? ईस्टरआधीच्या उपासांत या दिवशी सूट असायची. उपास करणाऱ्याने त्या दिवशी मटण खाल्लं, पेला घेतला, तर तो दारुडा? गुड फ्रायडेला तर पब २०१८ पर्यंत बंद असत. तेव्हा कुठे होतात?

धोपटमार्ग
आवाज चढवू नका. माझी बायको इथे इमर्जन्सी विभागात नर्स आहे. १७ ची रात्रपाळी कुणालाच नको असते. फुटलेली डोकी, रस्त्यात बेशुद्ध सापडलेली कॉलेजची पोरं. तीही विमानातून उतरलेली नसतात, इथलीच असतात.

मालवणी
मंडळी, आयर्लंडचे पंतप्रधान असताना या सणाला व्हाइट हाउसमध्ये शॅमरॉकचं भांडं घेऊन जायचा मान आपल्या मालवणजवळच्या वराडच्या घराण्यातल्या लिओ वराडकरांना मिळाला, त्यावर कुणी बोलेल का?

लिफीकाठ
मालवणी, त्याचा अभिमान आम्हालाही आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा.
धोपटमार्ग, वहिनींच्या रात्रपाळीबद्दल मी एक शब्दही खोटा म्हणणार नाही. तरुण पोरं पितात, जास्त पितात, त्याची काळजी इथल्या आईबापांनाही आहे. पण पश्चिम किनाऱ्यावरच्या डिंगल गावाला एकदा जाऊन या. तिथे पहाटे सहाला, अजून पुरतं उजाडलेलंही नसतं तेव्हा, बासऱ्या आणि ढोल घेऊन बँड निघतो. मागून लोक चालतात, पोरं बापाच्या खांद्यावर. हाही तोच सण आहे, आणि 'दारूसण' म्हणताना तुम्ही या माणसांनाही त्यात ओढता.

धोपटमार्ग
ठीक आहे. मथळा बदलून 'टेम्पल बारमधला सेंट पॅट्रिक डे' करतो. मजकुरातलं अक्षरही काढणार नाही.