मदत हवी आहे: रेशमाचा किडा तुतीचं पान खात नाही, लवकर सांगा

मुलुंडकर_अनु: मुलाला सोमवारी वर्गात न्यायचाय. बरणीत ठेवलाय, तुतीची कोवळी पानं पुसून दिली, तोंडही लावत नाही. परवा हिरवागार होता, आज पाठ तपकिरी पडली आणि काचेवरून नुसता गोल गोल पळतोय. कोष कधी करेल?

गच्चीबाग: कडुनिंबाचं तेल 5 मिली, लिटरभर पाण्यात. दोन दिवस फवारा, एक अळी राहणार नाही.

मुलुंडकर_अनु: मारायचा नाहीये हो!

रानवाटा: मिळाला कुठल्या झाडावर? शेपटीला शिंग आहे का?

मुलुंडकर_अनु: आहे, म्हणूनच रेशमाचा म्हणतेय. पुस्तकातल्या चित्रात तस्संच आहे.

भंडारेकर: टसर असणार. आमच्याकडे, गडचिरोलीतही, ऐनावर पाळतात. ऐनाचा पाला द्या, लगेच खाईल.

रानवाटा: दादा, टसरच्या अळीला शिंग नसतं. तुतीच्या रेशीमकिड्याला असतं, तसं हॉक मॉथ या पतंगाच्या अळीलाही असतं. गोतावळा एकच, बॉम्बिकॉइडिआ, घरं वेगळी. तुतीवाला बॉम्बिसिडी, हॉक मॉथ स्फिंजिडी, टसर सॅटर्निडी. नुसत्या शिंगावर जाऊ नका. अनुताई, झाड?

येऊरप्रेमी: सॅटर्निडीवरून आठवलं, येऊरला पावसाळ्यात अ‍ॅटलास पतंग पाहिला होता. पंजाहून मोठा! पतंग झाल्यावर काही खातच नाही, अळीपणी साठवलेल्या चरबीवर जगतो.

भंडारेकर: टसरचा पतंगही खात नाही. आणि ऐन नसेल तर अर्जुनही चालतो.

मुलुंडकर_अनु: गॅलरीतल्या तगरीवर होता. खाली मिऱ्याएवढ्या लेंड्या पडल्या होत्या, म्हणून दिसला. डोक्यामागे दोन निळे गोल आहेत, डोळ्यांसारखे, मध्ये पांढरट.

रानवाटा: मग ओलिअँडर हॉक मॉथच. कण्हेर-तगरीवर वाढतो, तुती कशी खाईल? आणि आता तगरही नको, त्याचं खाणं संपलंय. अंगावर तपकिरी चढली की झाड सोडून कोषासाठी जागा शोधत फिरतो. रेशमाचा गोळा करणार नाही, पाल्यापाचोळ्यात नुसते चार धागे ओढून आत पडतो. तळाला चार बोटं ओलसर माती, वर वाळका पाला घाला. आजच.

मुलुंडकर_अनु: घातली. पाच मिनिटांत पानांखाली शिरला! मुलगा बरणीपाशीच बसलाय. सोमवारी असाच नेला तर चालेल?

रानवाटा: न्या, पण उकरून दाखवू नका. साधारण दोनेक आठवड्यांत पतंग येईल, हिरवा, गुलाबी झाक असलेला. बरणीत काटकी उभी करा. बाहेर आला की पंख सुकवायला लटकावं लागतं, जागा नसेल तर पंख चुरगळलेलेच राहतात. वर जाळी बांधा, झाकण नको.