विषय: फॅफ्सा, सीएसएस प्रोफाइल आणि पुण्यातला फ्लॅट

प्रेषक: एक पालक सभासद
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी,

मुलगी बारावीत आहे. तिचा जन्म इथला, अमेरिकेतला, म्हणजे ती सिटिझन. आम्ही दोघं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. पुढच्या वर्षीच्या कॉलेजसाठी आर्थिक मदतीचे अर्ज भरायचे आहेत, पण तीन ठिकाणी तीन सल्ले मिळाले: आईवडील सिटिझन नसतील तर फॅफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरता येत नाही, पगार दीड लाख डॉलरच्या वर असेल तर भरून उपयोग नाही, आणि पुण्यातला फ्लॅट दाखवायची गरज नाही. यातलं खरं किती? आणि 'मदत' म्हणजे नेमकं कायकाय येतं?

प्रेषक: शिक्षण मार्गदर्शन समिती
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

नमस्कार,

तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. तिसरा तर धोक्याचा आहे, त्यावर आपले करसल्लागार काका लिहितीलच.

फॅफ्सासाठी पात्रता बघतात ती विद्यार्थ्याची. मुलगी सिटिझन किंवा ग्रीन कार्डधारक असली की पुरे, आईवडिलांच्या व्हिसाचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्ही अर्जात येता ते 'काँट्रिब्यूटर', म्हणजे आपली आर्थिक माहिती देणारे, म्हणून. तुम्ही दोघांनी टॅक्स रिटर्न एकत्र भरला असेल तर एकाच पालकाचं स्टुडंटएड या सरकारी साइटवरचं खातं लागतं, वेगवेगळा भरला असेल तर दोघांचं. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकालाही खातं उघडता येतं. खात्यातलं नाव सोशल सिक्युरिटी कार्डावरच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच: पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, कार्डावर नसतं, किंवा लग्नानंतरचं आडनाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर. अर्जाला बसण्याआधी कार्ड समोर ठेवा आणि त्यावर आहे तसंच टाइप करा.

२०२६-२७ चा अर्ज सुरू झाला आहे आणि त्यात २०२४ चं उत्पन्न धरतात. ते आकडे आयआरएसकडून, म्हणजे करखात्याकडून, थेट येतात, त्यासाठी मुलीला आणि पालकाला स्वतंत्र संमती द्यावी लागते. मुलीने कधी रिटर्न भरला नसला तरी तिची संमती लागतेच. एकाची जरी राहिली तरी अर्ज पाठवता येतो, पण सरकारी मदत शून्य होते. बरेच अर्ज इथे अडकतात आणि घरच्यांना ते फेब्रुवारीत कळतं.

अर्जातून एक आकडा निघतो, त्याला एसएआय (स्टुडंट एड इंडेक्स) म्हणतात. तुम्ही एवढे पैसे भराल असा त्याचा अर्थ नाही. कॉलेज आपल्या एकूण खर्चातून तो वजा करतं आणि उरलेली रक्कम तुमची 'गरज' धरतं. ती गरज पूर्ण भागवणं कॉलेजवर बंधनकारक नाही. पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की हा आकडा विभागला जायचा. २०२४-२५ पासून सरकारी हिशेबात ती सवलत राहिली नाही.

आता मदतीचे प्रकार. कोणतीही रक्कम दिसली की आधी विचारावं, हे परत करायचं आहे का?

परत न करायच्या पैशांत पहिली पेल ग्रँट, सध्या वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. ती कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे, दीड लाखाच्या पगारावर सहसा मिळत नाही. राज्यांच्या ग्रँट वेगळ्या, त्यांच्या मुदतीही वेगळ्या. पण आपल्या बहुतेक घरांसाठी मोठा पैसा सरकारचा नसतो, कॉलेजचा स्वतःचा असतो. तो दोन वाटांनी येतो. गरजेवर आधारित मदत श्रीमंत खासगी कॉलेजं भरपूर देतात. हार्वर्ड आणि एमआयटी दोन लाखांपर्यंत उत्पन्न आणि नेहमीइतकी मालमत्ता असलेल्या घरांना ट्यूशन माफ करतात, प्रिन्स्टनमध्ये ही मर्यादा बहुतेक घरांसाठी अडीच लाखांपर्यंत आहे. म्हणजे 'दीड लाख पगार, काही मिळणार नाही' हे अशा ठिकाणी साफ खोटं ठरतं. प्रवेश मिळणं अवघड, हे खरंच. दुसरी वाट मेरिटची. हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी मेरिटवर पैसे देत नाहीत; अलाबामासारखी सरकारी विद्यापीठं मात्र जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या आकड्यांवर ठरलेली रक्कम देतात, उत्पन्न विचारत नाहीत. मेरिट घेताना नूतनीकरणाची अट वाचा: किती जीपीए टिकवायचा, दर वर्षी किती क्रेडिट्स घ्यायची. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी जीपीए घसरला की ही रक्कम जाऊ शकते.

वर्क-स्टडी म्हणजे कॅम्पसवर काम करून पगार. अवॉर्ड लेटरमध्ये, म्हणजे कॉलेजच्या मदतीच्या पत्रात, २,५०० लिहिलेले असले तरी ते बिलातून वजा होत नाहीत. काम मुलीने शोधायचं आणि पैसे केलेल्या तासांप्रमाणे हातात येतात. एक फायदा असा की ही कमाई पुढच्या फॅफ्सात तिच्या उत्पन्नात धरत नाहीत.

परत करायचा पैसा म्हणजे कर्ज. तिच्या नावावरचं सरकारी डायरेक्ट लोन पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे ७,५००; चार वर्षांत एकूण २७,०००. यातला 'सबसिडाइज्ड' भाग गरजेवर अवलंबून, शिकत असताना त्याचं व्याज सरकार भरतं. 'अनसबसिडाइज्ड' भागाला उत्पन्नाची अट नाही, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. २०२५-२६ चा दर ६.३९ टक्के, तो कर्ज फिटेपर्यंत स्थिर. वर १.०५७ टक्के फी आधीच कापतात, म्हणून ५,५०० च्या कर्जात कॉलेजला साधारण ५,४४२ पोचतात. बिल भरताना तेवढाच फरक राहतो आणि लेट फी लागते. श्रीमंत घरानेही फॅफ्सा भरावा याचं एक कारण हेच कर्ज, ते फॅफ्साशिवाय मिळत नाही. शिवाय काही कॉलेजं स्वतःची मदत देतानाही तो मागतात.

प्रेषक: करसल्लागार सभासद
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

फ्लॅटबद्दल.

फॅफ्सात तुमचं राहतं घर धरत नाहीत, ४०१(के) आणि आयआरए ही निवृत्तीची खाती धरत नाहीत. राहतं नसलेलं प्रत्येक घर मात्र गुंतवणूक आहे, मग ते न्यू जर्सीत असो की कोथरूडला. आजची बाजारकिंमत, वजा त्यावरचं कर्ज, गुणिले तुमचा हिस्सा. ९० लाखांचा फ्लॅट, २० लाख कर्ज, नवराबायकोच्याच नावावर: ७० लाख, म्हणजे आजच्या दराने ८० हजार डॉलरच्या आसपास. पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग एसएआयमध्ये जातो, म्हणजे इथे साधारण ४,५००. एवढ्यासाठी खोटं लिहू नये. फॅफ्सावरची सही कायदेशीर आहे, आणि भाडं येत असेल तर ते तुमच्या टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल ई या पानावर दिसतं. भाडं दाखवलंय आणि गुंतवणूक शून्य, ही विसंगती पडताळणीत सहज सापडते.

जे तुमचं नाही ते मात्र लिहू नका. गावची जमीन आईच्या नावावर असेल तर ती आईची. भावासोबत निम्मी असेल तर निम्मीच दाखवा. वडिलांच्या एफडीवर तुम्ही नॉमिनी आहात किंवा तुमच्याकडे मुखत्यारपत्र आहे म्हणून तो पैसा तुमचा होत नाही. एनआरई, एनआरओ खाती आणि तुमच्या एफडी मात्र शिलकीत येतात.

मुलांच्या नावावरच्या पैशाकडे नीट बघा. आजीने नातीच्या नावाने ठेवलेल्या १०,००० डॉलरच्या ठेवीवर २० टक्के धरतात, म्हणजे एसएआय २,००० ने वाढतो. तेच पैसे पालकांच्या नावे असते तर ५६४. ५२९ खातं, म्हणजे शिक्षणासाठीचं बचत खातं, पालकांच्या मालमत्तेत येतं, आणि ज्या मुलाचा अर्ज त्याचंच, भावंडांचं नाही. आजीआजोबांनी इथे उघडलेलं ५२९ फॅफ्सात येतच नाही.

शिल्लक लिहायची ती सही करता त्या दिवसाची. मुलीच्या खात्यातून तिचा लॅपटॉप घ्यायचा असेल, तुमचं क्रेडिट कार्ड फेडायचं असेल, तर ते आधी करा आणि मग सही करा. यात गैर काही नाही.

सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्ज, कॉलेज बोर्डाचा, तो दोनशेच्या वर कॉलेजं मागतात. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. एक लाखापर्यंत उत्पन्न असेल तर फुकट. हा अर्ज खोलात जातो: राहत्या घराची किंमत, सगळ्या मुलांची ५२९ खाती. पण त्यात विशेष परिस्थिती सांगायला जागा आहे, जी फॅफ्सात नाही. आईवडिलांच्या औषधपाण्यासाठी दर महिन्याला भारतात पैसे पाठवत असाल तर तिथे रक्कम लिहा आणि बँकेच्या पावत्या काढून ठेवा. त्यांना फॅफ्साच्या कुटुंबसंख्येत घालू नका. ते इथे तुमच्यासोबत राहत नसतील तर बसत नाहीत.

प्रेषक: दुसऱ्या पालक सभासद
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

काका, आमचा मुलगा पुण्यात जन्मलेला, एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर. त्याच्यासाठी यातलं काय लागू?

प्रेषक: शिक्षण मार्गदर्शन समिती
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

ताई, सरकारी मदत काहीच नाही: पेल नाही, डायरेक्ट लोन नाही, वर्क-स्टडी नाही. उरतात तीन गोष्टी. पहिली, राज्याच्या रहिवाशाचा दर. एच-फोरवर रहिवासी ठरता येतं की नाही हे राज्यागणिक आणि विद्यापीठागणिक बदलतं; युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ते मान्य करते. अ‍ॅडमिशन ऑफिसला विचारू नका, रेसिडेन्सी ठरवणारा विभाग वेगळा असतो, त्यांचं लेखी उत्तर घ्या. दुसरी, मेरिट. बहुतेक ठिकाणी व्हिसा आड येत नाही. तिसरी, जी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांनाही गरज न बघता प्रवेश देतात आणि गरज पूर्ण भागवतात: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन. बाकी बऱ्याच खासगी कॉलेजांत एच-फोरला परदेशी धरतात आणि मदत मागितली की प्रवेशावर परिणाम होतो. हे अर्जाआधी विचारून घ्या.

आणि २१ वं वर्ष डोक्यात ठेवा. तेव्हा एच-फोर संपतो, बहुधा एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. रहिवाशाचा दर तेव्हा टिकेल का, हा प्रश्न आत्ताच त्याच विभागाला विचारा. तिसऱ्या वर्षी फी दुप्पट-तिप्पट झाली तर मध्येच कॉलेज बदलणं फार जड जातं.

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

मंडळाच्या शिष्यवृत्तीबद्दल एक शंका. आपण १,००० डॉलरचा चेक मुलांच्या हातात देतो. त्याने त्यांची कॉलेजची मदत कमी होते असं ऐकलं. खरं आहे का?

प्रेषक: करसल्लागार सभासद
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

होऊ शकते. बाहेरची शिष्यवृत्ती कॉलेजला कळवावीच लागते. सरकारी कॉलेजात मदतीनंतरही भगदाड उरलेलं असतं, तिथे आपले हजार त्यात जातात, छान. पण जिथे गरज पूर्ण भागवलेली असते तिथे तेवढी रक्कम कशातून तरी कापली जाते. आधी कर्ज आणि वर्क-स्टडी कमी केलं तर विद्यार्थ्याचा फायदा, थेट ग्रँट कमी केली तर आपण हजार डॉलर कॉलेजलाच दिले.

म्हणून चेक लिहिण्याआधी मुलांना कॉलेजच्या एड ऑफिसला (आर्थिक मदत विभागाला) एक मेल करायला सांगा: बाहेरची शिष्यवृत्ती आली तर तुम्ही आधी काय कमी करता? ग्रँट असं उत्तर आलं तर लॅपटॉपसाठी खर्चाचं बजेट वाढवून मागता येतं, बरीच ऑफिसं ते करतात. कराचंही सांगा: ट्यूशन, फी, पुस्तकांवर गेलेली शिष्यवृत्ती करमुक्त, राहण्याजेवणावर गेलेली करपात्र.

प्रेषक: एक पालक सभासद
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

खूप आभार. पॅरेंट प्लस राहिलं. आणि यांच्या कंपनीत कपातीची चर्चा आहे. २०२४ चा पगार अर्जात आणि नोकरी गेलेली, असं झालं तर?

प्रेषक: शिक्षण मार्गदर्शन समिती
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

पॅरेंट प्लस म्हणजे पालकाच्या नावावरचं सरकारी कर्ज, २०२५-२६ मध्ये ८.९४ टक्के, वर ४.२२८ टक्के फी. एच-वन-बीवर तुम्हाला ते मिळणार नाही. इथे मात्र पालकाचाच नागरिकत्वाचा दर्जा बघतात. पण याच कारणाने मुलीला पहिली दोन वर्षं ४,००० आणि पुढे ५,००० जादा अनसबसिडाइज्ड मिळू शकतं. हे एड ऑफिस ठरवतं आणि बहुधा मागितल्याशिवाय देत नाही. ज्यांना प्लस मिळतं त्यांच्यासाठी: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांची मर्यादा आहे.

काही अवॉर्ड लेटरमध्ये हेच कर्ज घालून शेवटी शून्य दाखवतात. खर्च ५८,०००, कॉलेज ग्रँट १४,०००, राज्य ३,०००, डायरेक्ट लोन ५,५००, वर्क-स्टडी २,५००, प्लस ३३,०००, बाकी शून्य. परत न करायचे फक्त १७,०००, म्हणून या कॉलेजची खरी किंमत ४१,००० आहे. कॉलेजांची तुलना नेहमी या आकड्याने करा.

नोकरी गेली तर फॅफ्सात २०२४ चेच आकडे राहू द्या, स्वतः बदलू नका. अर्ज पाठवल्यावर प्रत्येक कॉलेजच्या एड ऑफिसकडे 'प्रोफेशनल जजमेंट'ची, म्हणजे बदललेल्या परिस्थितीनुसार आकडे पुन्हा बघण्याची, विनंती करा, त्यांचा फॉर्म असतो. सोबत कंपनीचं पत्र, शेवटची पे स्लिप, सेव्हरन्सची (नोकरी जाताना कंपनी देते ती) रक्कम, बेकारी भत्ता मिळत असेल तर त्याचा कागद, आणि पुढच्या बारा महिन्यांच्या अपेक्षित उत्पन्नाचा एक पानाचा हिशेब. सेव्हरन्स लपवू नका, तेही उत्पन्न आहे. एका कॉलेजने आकडा बदलला म्हणून दुसऱ्यात आपोआप बदलत नाही, प्रत्येकाला वेगळं पाठवावं लागतं. १ मेच्या, म्हणजे कॉलेज नक्की करायच्या नेहमीच्या मुदतीच्या, आधी निर्णय हवा असेल तर पत्र हातात पडलं त्याच आठवड्यात पाठवा, एप्रिलमध्ये या ऑफिसांत अर्जांचा ढीग असतो.