किती मेले, की कितव्या वर्षी मेले?

गणितवेडा:
जपानचं सरासरी आयुर्मान ८४च्या आसपास, अमेरिकेचं २०२१ मध्ये ७६.४. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: लठ्ठपणा, हृदयविकार. मला ते अर्धवट वाटतं. पंचाऐंशीव्या वर्षी कुणी हृदयविकाराने गेलं तर सरासरीला फारसा धक्का बसत नाही. तिशीत गेलं तर पन्नासएक वर्षं एकदम बुडतात. त्या वर्षी अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने लाखावर माणसं गेली, त्यातली बहुतेक २५ ते ६४ वयाची. शिवाय बंदुका, रस्ते अपघात. म्हणून आधी मरणाऱ्यांचं वय बघा.

कडुनिंब:
साफ असहमत. २०१० नंतर अमेरिकेचं आयुर्मान अडखळलं, त्यात मोठा वाटा हृदयविकाराचे मृत्यू घटायचे मंदावले याचाच आहे. आणि हृदयविकार काय फक्त म्हाताऱ्यांना होतो? पन्नाशीतही होतो. मुळात व्यसन, बंदूक ही वरवरची कारणं. खाली बघा, पैसा आणि सरकार दिसेल.

गणितवेडा:
पन्नाशीचा मुद्दा मान्य, तिथे मी घाई केली. पण पैशाचं म्हणाल तर बोट्स्वाना घ्या. हिऱ्यांमुळे आफ्रिकेत बऱ्यापैकी सधन, तरी एड्सने आयुर्मान साठीवरून पन्नाशीच्या आसपास आणलं. पुढे औषधं सर्रास मिळू लागली तसं ते परत चढलं.

कडुनिंब:
औषधं सर्रास मिळाली ती कुणामुळे? सरकारनेच फुकट वाटली ना! आणि रशिया विसरलात. १९८५ ला गोर्बाचेव्हने दारूवर लगाम घातला, पुरुषांचं आयुर्मान ६५ पर्यंत गेलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९४ ला ५८च्याही खाली. मृत्यूच्या दाखल्यावर विषबाधा, अपघात, हृदयविकार असं काहीही लिहा, मारलं त्या पडझडीनेच.

गणितवेडा:
मोहिमेत दारू कमी झाली आणि माणसं जगली, म्हणजे दारू हे कारण खरंच होतं की!

तिसरा_डोळा:
दोघंही दाखल्यावर भलताच विश्वास ठेवताय. जपानमध्ये मृत्यूच्या दाखल्यावर सर्रास 'हृदय बंद पडलं' लिहायचे (शेवटी सगळ्यांचंच पडतं म्हणा). नव्या दाखल्यावर तसं लिहू नका अशी सूचना आली आणि १९९५ ला हृदयविकाराचे मृत्यू एकदम घसरले. हृदयं तीच होती.

गणितवेडा:
घ्या, माझंच काम झालं. आयुर्मान काढताना दाखल्यावरचं कारण लागतच नाही, वय पुरतं.

कडुनिंब:
मग धाग्यात अमली पदार्थ आणि बंदुका आणल्या कुणी?