आमचं घर एकत्र की विभक्त? ऊसतोडीच्या घराची रचना कशी लिहायची

बालाघाटची लेक:

नमस्कार. बी.ए. पहिल्या वर्षाला समाजशास्त्राचा प्रकल्प आहे. आपल्या कुटुंबाची रचना आणि घरातल्या प्रत्येकाची भूमिका लिहायची. पुस्तकात एकत्र कुटुंब आणि विभक्त कुटुंब असे दोन प्रकार दिलेत. आमचं घर दोन्हींत बसत नाही, म्हणून इथं विचारते.

घर बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. तीन एकर कोरडवाहू. आजी, नाना (माझे वडील), माय, चुलते, चुलती, आम्ही तीन भावंडं आणि चुलत्यांची दोन लेकरं. दिवाळी झाली की नाना आणि माय कोल्हापूरकडच्या कारखान्याला तोडीला जातात. चुलता-चुलती दुसऱ्या मुकादमाची (तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात, ते बेळगावकडं जातात. गावात आजी आणि आम्ही पाच लेकरं. पाडव्याच्या मागंपुढं पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की सगळे परत येतात, पावसाळाभर घर भरलेलं असतं. पण तेव्हा चुली दोन असतात, कारण चुलतीनं आता वेगळं मांडलंय. ऊसाच्या दिवसांत मात्र पाचही लेकरांचं आजीच्या एकाच चुलीवर होतं. म्हणजे माणसं पांगली की चूल एक, माणसं जमली की चुली दोन. हे कोणत्या प्रकारात घालायचं?

शेत एकच आहे. पेरणी दोघे भाऊ मिळून करतात, खताचा खर्च निम्मा निम्मा. धाकट्या आत्याच्या लग्नाला दोन्ही कोयत्यांची उचल लागली आणि ती फिटेना म्हणून दोन्ही जोड्या पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमांकडं गेल्या. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम हंगामाआधी त्या जोडीला मिळून उचल देतो.)

'कुटुंबप्रमुख' या रकान्यातही अडले. रेशनकार्डावर प्रमुख म्हणून आजीचं नाव आहे. आजोबा गेल्यावर सातबाऱ्याला वारस लागले, त्यात आजी, नाना, चुलते आणि दोन्ही आत्या आहेत. मुकादमाच्या वहीत फक्त नाना. आणि भावांच्या शाळेत पालक म्हणून सही करायला मी जाते, नववीत होते तेव्हापासून.

भूमिकांचं तर त्याहून अवघड. पुस्तकात वडिलांनी कमवायचं, आईनं घर बघायचं, लेकरांना माया द्यायची. माझी माय सहा महिने नानांच्या बरोबरीनं फडात असते. मागच्या हंगामात धाकटा भाऊ तापानं फणफणला, तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या आजीनं ठेवल्या, सकाळी दवाखान्यात मी नेलं, आणि पैसे मायनं मुकादमाकडून मागून फोनवरून पाठवले. यात आईची भूमिका कोणी केली?

एक मैत्रीण म्हणाली, विभक्त लिही आणि मोकळी हो. पण आजीला बाजूला काढलं तर आमचं घर उभंच राहत नाही. असं असताना विभक्त कसं लिहू?


निवृत्त मास्तर, लातूर:

बाळ, प्रकल्पाचं पहिलं वाक्य तू लिहून ठेवलंच आहेस. माणसं पांगली की चूल एक, माणसं जमली की चुली दोन. सुरुवात तिथूनच कर.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. एकत्र कुटुंब कशाला म्हणायचं, तर सर्वसाधारणपणे एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं खाणारी, सामाईक मालमत्तेची, एकत्र देवधर्म करणारी आणि विशिष्ट नात्यांनी बांधलेली माणसं, असं त्यांनी सांगितलं. पाठ्यपुस्तकांनी ही लक्षणं एकगठ्ठा उचलली, त्यामुळं विद्यार्थ्याला वाटतं की एक जरी सुटलं तरी कुटुंब विभक्त झालं. तुझ्या घरात ही लक्षणं सुटी सुटी दिसतात. छप्पर निम्मं वर्ष वेगळं, चूल हंगामाप्रमाणं बदलणारी, मालमत्ता सामाईक. देवधर्माचं तू लिहिलं नाहीस. नवरात्राचे घट कुठं बसतात, कुळाचाराला कोण जातं, ते आजीला विचार.

सौराष्ट्रातल्या महुवा या गावी आय. पी. देसाई यांनी कुटुंबांची पाहणी केली, तिच्यावरचं पुस्तक १९६४ मध्ये आलं. कोण कुणाबरोबर राहतं एवढ्यावरून कुटुंब विभक्त ठरवता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. वेगळे राहणारे भाऊ मालमत्तेनं, पैशाच्या देण्याघेण्यानं आणि एकमेकांवरच्या जबाबदारीनं किती बांधलेले आहेत, तेही मोजावं लागतं. पुढं ए. एम. शहा यांनी १९७३ च्या पुस्तकात तर बिऱ्हाड आणि कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या धरायलाच हव्यात असं मांडलं. या दोघांचा हात धरलास तर तुझं उत्तर सरळ येतं: ऊसाच्या दिवसांत तुमची बिऱ्हाडं तीन, पावसाळ्यात दोन, आणि कुटुंब बारा महिने एकच. आत्या चुलीवर नाहीत, पण सातबाऱ्यावर आहेत आणि धाकटीच्या लग्नासाठी दोन्ही भावांनी उचल अंगावर घेतली. त्यांनाही आकृतीत जागा दे.

जनगणनेतली बिऱ्हाडाची व्याख्याही बघ. नेहमी एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं खाणारी माणसं. कामाच्या निकडीमुळं ज्यांना तसं जमत नाही, त्यांचा अपवाद व्याख्येतच आहे. पण २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, गाळप ऐन भरात असताना. त्या साऱ्या काळात जो गावात नाही, तो जिथं असेल तिथं मोजायचा. म्हणजे तुमच्यासारख्या घरांची कागदावर दोन वेगळी चित्रं तयार होतात, इकडं आजी आणि नातवंडं, तिकडं नुसती जोडपी. कागद वाचणाऱ्याला ती दोन्ही एकाच घराची आहेत हे कळत नाही.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. पुस्तकं सांगतात की शिक्षण, नोकरी, शहर आलं की जोडपं घरापासून सुटं होतं. तुझे आई-वडील दर दिवाळीला सुटे होतात ते आधुनिक विचारांनी नव्हे. तोडीचा करारच जोडीशी होतो, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. आणि मजुरी अशी आहे की तिच्यात दोघांचं पोट भरतं, लेकरांची शाळा आणि आजारपण तिच्यात बसत नाही. ते आजीच्या अंगावर पडतं आणि तिला त्याचा एक रुपया मिळत नाही. साखर कारखान्याला स्वस्तात तोड मिळते त्यात तुझ्या आजीचे कष्ट धरलेले आहेत. सामाजिक रचना शिकायची तर ही साखळी दाखव, कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीपासून आजीच्या चुलीपर्यंत.

भूमिकांबद्दल. राल्फ लिंटन यांनी १९३६ साली दर्जा आणि भूमिका यांत फरक केला. आई हा तुझ्या मायचा दर्जा आहे, तो कोल्हापूरला गेल्यानं पुसला जात नाही. त्या दर्जाबरोबर जी कामं येतात ती मात्र वाटली जातात. पट्ट्या आजीनं ठेवल्या, दवाखाना तू केलास, पैसे तिनं पाठवले. तिघींनी मिळून आईची भूमिका केली. कमावता बाप आणि माया देणारी आई ही जोडी टॉलकॉट पार्सन्स यांनी १९५० च्या दशकातली अमेरिकन कुटुंबं समोर ठेवून मांडली. ती बालाघाटावर लागू पडलीच पाहिजे असं काही नाही, आणि हे प्रकल्पात लिहायला घाबरू नकोस.


अभ्यास_चालू_आहे:

सरांचं पटतं, पण गुण देणारे तपासनीस रकाना बघतात. 'विस्तारित कुटुंब' लिहावं आणि खाली दोन ओळींत खुलासा करावा. एवढं पुरे होईल.


केजची मावशी:

पोरी, मी लई हंगाम तोड केली. आता ऊसतोड बायकांच्या संघटनेचं काम करते. सर बोलले ते खरं आहे, पण मायचा दिवस कसा जातो ते तुझ्या वहीत आलंच पाहिजे.

पहाटे तीनला उठायचं. पाणी आणायचं, भाकरी थापायच्या, लेकरू बरोबर असलं तर त्याचं बघायचं आणि उजाडायच्या आत फडात. गडी तोडतो. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीवर, आलं की गडी पाठ टेकतो, बाई चुलीपुढं बसते. तुझ्या पुस्तकात बाई घरातली आणि गडी बाहेरचा असं असंल, इथं बाई दोन्हीकडची आहे.

हिशेब टनावर होतो आणि जोडीचा होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, त्यासाठी संप झाले, भांडण झालं, वाढ झाली ते चांगलंच झालं. पण त्या दरात बाईचे किती, हे कुठल्या वहीत लिहिलेलं मी बघितलं नाही. उचल गड्याच्या हातात पडते. एखाद्या दिवशी बाईला उठवलं नाही तर खाडा पडतो, आणि तो अख्ख्या कोयत्याचा पडतो. म्हणून पाळीत, गरोदरपणात, अंगात ताप असताना बाया फडात उभ्या राहतात. आपल्या जिल्ह्यात तोडीवरच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ ला विधिमंडळात गाजलं, डॉ. नीलम गोऱ्हे यांची समिती बसली. त्याच्या मागं हा खाडाही आहे हे ध्यानात ठेव.

आणि लग्नाचं. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, उचलही निम्मी. म्हणून घरात पोरगा हाताला आला की दिवाळीच्या आत त्याची जोडी लावायची घाई होते. पोरीच्या घरचेही घाई करतात, कारण सहा महिने वयात आलेली पोर माघारी ठेवायची म्हणजे आई-बापाला झोप लागत नाही. तू आज कॉलेजात आहेस. म्हणजे तुझ्या घरात कुणीतरी ही घाई अडवली. कुणी अडवली ते घरात विचार आणि तेही लिही. भूमिका म्हणजे तेच ना?


जि.प. शिक्षक:

मी अशाच एका गावच्या शाळेवर आहे. प्रकल्पात हंगामी वसतिगृहाचा (तोडीला गेलेल्यांच्या गावात राहिलेल्या लेकरांसाठीची सरकारी सोय) उल्लेख करावा. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत लेकरं जेवतात शाळेच्या व्यवस्थेत आणि झोपतात आजीकडं. म्हणजे आईच्या कामांतला एक वाटा सरकारनं उचलला. ते सुरू व्हायला उशीर झाला की लेकरं आई-बापाबरोबर गाडीत बसून निघून जातात आणि मग आमच्या वर्गातले बाक रिकामे होतात. पालक सभेला निम्म्या आज्या आणि ताया असतात. त्यांना मी पालकच म्हणतो, हजेरीवर तसंच लिहितो.


बालाघाटची लेक:

सर, मावशी, गुरुजी, सगळ्यांचे आभार. 'विस्तारित' लिहिलं तर आजी आकृतीत येते हे खरं, पण चुली दोन का आणि कधी, हे त्यात दिसत नाही. म्हणून मी प्रकाराचा रकाना मोकळा सोडला आणि त्याजागी बारा महिन्यांचा तक्ता केला. प्रत्येक महिन्यात कोण कुठं, कुणाच्या चुलीवर, खर्च कुणाचा, सही कुणाची.

देवधर्माचं आजीला विचारलं. घट एकाच ठिकाणी बसतात, आजीकडं. चुलतीनं चूल वेगळी केली पण देव मागितले नाहीत, आणि नवरात्र दिवाळीच्या आधी येतं म्हणून त्या नऊ दिवसांत सगळं घर हजर असतं. आखाजीला आजोबांना नैवेद्यही एकच असतो.

मावशी, तुम्ही सांगितलं तेही विचारलं. दहावी झाल्यावर स्थळ आलं होतं, नाना तयार होते. आजीनं अडवलं. का अडवलं विचारल्यावर ती म्हणाली, "तू गेली असती तर मागं या लेकरांचं मी एकटीनं कसं केलं असतं?" मला वाटलं होतं ती म्हणेल की तुला शिकायचं होतं म्हणून. मायला फोन केला तर ती म्हणाली की तिनंही नको म्हटलं होतं, पण ती तेव्हा फडात होती, तिचं नानांनी ऐकलं नसतं, म्हणून तिनं आजीकरवी बोलवलं. म्हणजे माझं शिक्षण टिकलं त्यात माझ्या भाकऱ्या आहेत, आजीची अडचण आहे आणि मायचा निरोप आहे. सर, हे असंच लिहू का? आजीबद्दल वाईट दिसणार नाही ना?


निवृत्त मास्तर, लातूर:

असंच लिही. आजीचे शब्द अवतरणात दे, बदलू नकोस. त्यात वाईट काहीच नाही. सत्तरीच्या आसपासच्या बाईवर पाच लेकरं सोडून चार माणसं निघून जातात, तिनं आधार मागितला आणि त्या मागण्यात तुझी शाळाही राहिली. तुझ्या मायला घरात थेट बोलता येत नव्हतं, ते तिनं सासूच्या तोंडून बोलवून घेतलं. सासू-सून म्हटलं की भांडणाचीच उदाहरणं दिली जातात, तुझ्याकडं हे एक वेगळं उदाहरण आहे. त्याला स्वतंत्र परिच्छेद दे.

तक्त्यात एक रकाना वाढव: निर्णय कुणाचा. उचल कुणाकडून घ्यायची, पीक कोणतं, दवाखाना कोणता, लग्न कधी. प्रत्येकाच्या पुढं नाव लिही, आणि ज्यानं ठरवलं त्याच्याबरोबर ज्यानं ठरवायला लावलं त्याचंही. चुलतीलाही विचार, तिनं चूल वेगळी का केली. तिची बाजू अजून कुठंच आलेली नाही.


बालाघाटची लेक:

चुलती पाडव्यानंतर येईल. प्रकल्प त्याआधी द्यायचाय, म्हणून आज रात्री फोनवर विचारते. तिची गाडी भरून झाली की ती फोन उचलते.