मदत हवी आहे: रीएन्ट्रन्सी गार्ड लावलाय, पण व्ह्यू फंक्शनचं काय?

नमस्कार मंडळी,

सॉलिडिटीत (इथेरियम ब्लॉकचेनवरचे प्रोग्राम, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट, लिहायची भाषा) ठेवींचं कॉन्ट्रॅक्ट लिहितोय. पैसे काढायच्या फंक्शनमध्ये मी आधी ईथर (इथेरियमचं चलन) पाठवून मग शिल्लक शून्य करत होतो. म्हणजे समोरच्या कॉन्ट्रॅक्टने ईथर मिळताच तेच फंक्शन पुन्हा बोलावलं, की जुनीच शिल्लक दिसणार आणि पैसे पुन्हा जाणार; यालाच रीएन्ट्रन्सी म्हणतात. २०१६ मध्ये 'द डाओ' या इथेरियमवरच्या गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख ईथर याच प्रकारच्या चुकीतून गेले, ते वाचून धसकाच घेतला. आता आधी शिल्लक शून्य, मग पाठवणी. शिवाय ओपनझेपेलिन या तयार कोडच्या लायब्ररीतला नॉनरीएन्ट्रंट मॉडिफायरही (फंक्शन चालू असताना ते पुन्हा बोलावू न देणारा गार्ड) लावलाय.

खरी अडचण पुढे आहे. ठेव ईथर आणि टोकन अशी दोन्हीत असते. काढताना ठेवीदाराचे शेअर (ठेवीतला हिस्सा) आधी रद्द होतात, मग ईथर जातं, शेवटी टोकन. ईथर पोचल्याच्या क्षणी कोणी माझं शेअरचा भाव सांगणारं व्ह्यू फंक्शन (फक्त माहिती वाचून सांगणारं, काहीच न बदलणारं) वाचलं, तर टोकन अजून आतच असल्याने भाव फुगलेला दिसतो. त्या भावावर कर्ज देणारं दुसरं कॉन्ट्रॅक्ट फसेल! मॉडिफायर स्टोरेजमध्ये (कॉन्ट्रॅक्टच्या साठवलेल्या माहितीत) लिहितो, त्यामुळे व्ह्यूवर तो चालत नाही.

व्ह्यूमध्ये गार्डची स्थिती तपासून रिव्हर्ट करू (म्हणजे कॉल तिथेच रद्द करू), की ईथर सगळ्यात शेवटी पाठवू? टोकनमध्येही कॉलबॅक (टोकन पाठवताना समोरच्या कॉन्ट्रॅक्टचं फंक्शन बोलावणं) असला तर दुसरा उपाय पुरेल का? आणि फाउंड्रीत (कॉन्ट्रॅक्टच्या टेस्ट चालवायचं साधन) याची टेस्ट कशी लिहिता? लोकांचे पैसे यात असणार आहेत, म्हणून डिप्लॉय करण्याआधीच विचारतोय.